तीनदा विसळलेल्या बाटल्या

सोमवार, ४ तारीख

प्रिय वॉशर,

पेटी उघडलीस की आधी बाटल्या बर्फात नीट आहेत का ते बघ आणि मगच हे वाच. पत्र दोन पिशव्यांत गुंडाळलंय, भिजायचं नाही. भिजलंच तर बसच्या ड्रायव्हरला धर. पेटी आडवी करू नकोस म्हणून मी त्याला तीनदा बजावलंय.

तुला पत्र लिहावं असं काही ठरवलं नव्हतं. तुझी आई होती तेव्हा लिहायचं काम तिचं आणि खाली सही करायचं माझं. पण शुक्रवारी हेडबाईंनी पाणी तपासायला म्हणून प्रयोगशाळेकडून रिकाम्या बाटल्या मागवल्या. पेटी माझ्याच हातात पडली. बघतो तर बाटल्यांवर ‘खालची टाकी’, ‘वरची टाकी’ अशा चिठ्ठ्या, आणि अक्षर तुझं. दुसरीत होतीस तेव्हा पाटीवर काढायचीस तसाच पोट फुगलेला ‘ट’. तू त्या प्रयोगशाळेत आहेस हे हेडबाईंना माहीत नाही. मीही बोललो नाही. पण नुसत्या बाटल्या परत पाठवायच्या आणि सोबत दोन ओळीही नाहीत, हे काही बरं वाटेना.

दर महिन्याच्या एक तारखेला तुझा फोन येतो. ‘बरे आहात ना?’ ‘बरा आहे.’ ‘ठेवते.’ सहा वर्षांत तू एक महिना चुकवला नाहीस आणि आपलं चौथं वाक्य कधी झालं नाही. या एक तारखेला इथल्या फोनच्या लाइनी बंद होत्या. काळजी केली असशील तर करू नकोस, मी धडधाकट आहे.

झालं असं की, तीन दिवस पाऊस थांबला नाही आणि मागचा नाला फुगून बिल्डिंगच्या तळघरात शिरला. छातीभर पाणी. पंप बुडाला, मीटर बुडाले, माझ्या खोलीतली खाट तरंगत दारापर्यंत आली. माणसं सगळी सुखरूप. चोवीसच्या चोवीस घरं शाळेच्या हॉलमध्ये राहताहेत. घरं वाळली, वायरमनने वीजही आणली, अडलंय ते फक्त पाण्यावाचून. खालच्या टाकीचं झाकण पुराखाली होतं, त्यामुळे नाल्याचं सगळं वैभव टाकीत उतरलं. तुमचा कागद आल्याशिवाय एकालाही घरी जाऊ द्यायचं नाही, असं हेडबाईंनी सांगितलंय. त्या अजून बिल्डिंगच्या अध्यक्ष आहेत, आणि शाळेतून निवृत्त झाल्या तरी आवाज निवृत्त झालेला नाही.

आता माझ्या कामाबद्दल ऐक. पाणी उपसलं, गुडघाभर गाळ बादल्यांनी काढला, भिंती ब्रशने घासल्या, ब्लीचिंग पावडरचं पाणी भरून रात्रभर मुरवलं, सोडून दिलं, पुन्हा भरलं. वरच्या टाकीचंही तेच. वायरमन वर दोर धरून उभा होता आणि खाली मी घासतोय तर वरून मला शहाणपण शिकवत होता. मग स्वच्छ पाणी भरलं आणि माझ्या पद्धतीप्रमाणे पहिला पेला सगळ्यांसमोर मी प्यायलो. बत्तीस वर्षं टाकी धुतली की पहिला पेला मिस्त्रीचा. लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

एक तक्रार मात्र करायची आहे. तुमच्याकडे बाटल्या कोण धुतं? चारही बाटल्यांच्या तळाशी पांढरी भुकटी चिकटलेली होती. प्रयोगशाळा म्हणवता आणि हे! मी चारही बाटल्या त्या त्या नळाखाली तीन-तीनदा स्वच्छ विसळून मग भरल्या. लहानपणी तुला शिकवलं होतं ते आठवतं ना? भांडं कितीही चकचकीत दिसो, तीनदा विसळल्याशिवाय पाणी भरायचं नाही. तुझ्या साहेबांना सांग हे.

शिंप्याच्या घरी नातू झालाय. पूर आला तेव्हा दहा दिवसांचा होता. सून त्याला घेऊन शाळेच्या बाकांवर झोपते, शिंपी रोज सकाळी येऊन मला विचारतो, ‘मिस्त्री, कधी?’ रविवारपर्यंत नक्की, असं मी त्याला सांगितलंय. तेवढं बघ.

आणि ‘वॉशर’ म्हटलं म्हणून रागावू नकोस. इथे कोण ऐकतंय? सगळ्यात लहान वस्तू, पण ती नसेल तर अख्खा नळ गळतो, म्हणून ठेवलेलं नाव आहे ते.

तुझा बाबा

शुक्रवार, ८ तारीख

प्रिय वॉशर,

तुझं पत्र काल मिळालं. मी ते टाकीच्या झाकणावर बसून वाचलं.

म्हणजे ती भुकटी घाण नव्हती. तुम्ही मुद्दाम घालता ती. पाण्यात क्लोरीन असेल तर ते बाटलीतही, बसमध्येही, जंतू मारत राहतं, आणि तुमच्याकडे पोचेपर्यंत घाण पाणीही चांगलं दिसायला लागतं. भुकटी त्या क्लोरीनला तिथल्या तिथे थांबवते, म्हणजे टाकीत जे आहे तेच तुम्हाला दिसतं. आणि मी शहाण्याने ती तीनदा विसळून नाल्यात सोडली. वरून तुझ्या साहेबांना अक्कल शिकवायला निघालो. बत्तीस वर्षं ज्या सवयीचा टेंभा मिरवला, तिनेच तोंडघशी पाडलं. तू एका शब्दानेही हसली नाहीस. मी तुझ्या जागी असतो तर पोट धरून हसलो असतो.

चारही बाटल्यांचा निकाल स्वच्छ आला, पण तो धरता येत नाही, असं तू लिहिलंस. हेडबाईंना अजून काही कळवलं नाहीस, आधी मला सांगितलंस, तेही वाचलं. दोनदा वाचलं. सहा वर्षांपूर्वी मला याच गोष्टीचा राग होता ना, की आधी मला का सांगितलं नाहीस.

पुढची ओळ मात्र मी चारदा वाचली. ‘बाबा, हवं असेल तर बाटल्या वाटेत फुटल्या असं मी बाईंना कळवते. तुमचं नाव येणार नाही.’

अगं, तू लहान असताना माझ्या हातून पेला फुटला आणि मी मांजरावर ढकललं, तर तू आईला जाऊन खरं सांगून आली होतीस! तुला खोटं बोलता येत नाही म्हणून आम्ही दोघं तुझ्यासमोर काही बोलायचो नाही. ती तू, माझं तोंड काळं होऊ नये म्हणून, नोकरीच्या कागदावर खोटं लिहायला निघालीस? मला रडू आलं, सांगून टाकतो. वायरमनला वाटलं ब्लीचिंगचा वास डोळ्यांत गेला. मीही त्याला तसंच वाटू दिलं.

नाही, पोरी. तसं काही लिहायचं नाही. मी काल संध्याकाळीच शाळेत गेलो आणि हेडबाईंना सांगितलं, ‘बाई, चूक माझी. बाटल्या मी विसळल्या. नमुना पुन्हा घ्यावा लागेल, रविवारी कोणालाही घरी जाता येणार नाही.’ त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, पाचवीतल्या पोराकडे बघतात तसं. मग म्हणाल्या, ‘मिस्त्री, तुम्ही चूक कबूल करताय? पूर परवडला.’ हॉलमधली सगळी हसली. शिंपी हसला नाही. तो सुनेकडे बघत होता.

तिथली अधिकारी तूच आहेस, हेही बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मला वाटलंच होतं.’

आज पेटीतून तू पाठवलेल्या नव्या चार बाटल्या जाताहेत. विसळल्या नाहीत. झाकण काढलं, भरलं, लावलं. हात अक्षरशः शिवशिवत होते, वायरमनला मनगट धरून ठेवायला सांगितलं होतं.

तू विचारलंयस की खालच्या टाकीची नाल्याकडची भिंत नीट पाहिलीत का. पाहिली. भिंत ठणठणीत आहे. तिची काळजी तू करू नकोस.

माझी तब्येत बरी आहे. पोट जरा बिघडलंय, वयोमानाने होतं.

तुझ्या स्वयंपाकघरातला नळ तीन वर्षं ठिबकतोय आणि खाली तू वाटी ठेवतेस, असं शेवटी लिहिलंस. मी पाव इंच पाना घेऊन निघणारच होतो, पण आधी हे काम. तोवर कुठल्याही ऐऱ्यागैऱ्याला हात लावू देऊ नकोस, आटे खराब करून ठेवतात. तुझ्या घरातला एकही नळ मी अजून बघितलेला नाही, हे लिहिताना लक्षात आलं.

तुझा बाबा

मंगळवार, १२ तारीख

प्रिय वॉशर,

वरची टाकी स्वच्छ, वरच्या टाकीचे दोन्ही नळ स्वच्छ, खालची टाकी खराब. म्हणजे वर चढवलेलं पाणी धुतल्या दिवसाचं म्हणून चांगलं, आणि खालच्या टाकीत मैला उतरतोय, असंच ना? तू शब्द सौम्य वापरलेत, पण मला कळतं.

एवढं घासूनपुसून, दोनदा ब्लीचिंग करून, घाण पुन्हा येते म्हणजे बाहेरून येते. तू लिहिलंयस, ‘बाबा, पुराचं पाणी कधीच गेलं. हे रोज थोडं थोडं झिरपतंय. नाल्याकडची भिंत पुन्हा एकदा बघा.’

भिंत बघायची गरज नाही. तिथे काय आहे ते मला माहीत आहे. मागच्या पत्रात मी तुला खोटं सांगितलं. तुला खोटं बोलू नको म्हणून एवढा उपदेश केला आणि त्याच कागदावर, खाली सहा ओळींवर, स्वतः खोटं लिहिलं.

आता सगळं सांगतो. मध्ये थांबलो तर पुन्हा लिहिणं होणार नाही, म्हणून एका बैठकीत लिहितोय.

सहा वर्षांपूर्वी तू नवी नवी नोकरीला लागली होतीस. सुट्टीला आलीस आणि जाताना आपल्या नळाची एक बाटली भरून घेऊन गेलीस. मला वाटलं, पोरीला घरचं पाणी प्यावंसं वाटलं असेल. मग तुझं पत्र आलं, माझ्याकडे नाही, बिल्डिंगच्या कमिटीकडे. जिन्याखाली सभा भरली आणि मी समोर उभा असताना हेडबाईंनी ते वाचायला घेतलं. ‘पाणी पिण्यास योग्य नाही’ एवढं कानावर पडलं आणि माझं डोकं फिरलं. मी अंगणातल्या नळाखाली पेला धरला, सगळ्यांसमोर घटाघट प्यायलो आणि म्हणालो, ‘तिला पाण्यातलं काय कळतं? पाना कधी हातात धरला नाही तिने.’ आणि निघून आलो. लोकांनी माझं ऐकलं. का ऐकणार नाहीत? सव्वीस वर्षं माझ्या हातचं पाणी पीत होते. तू फोन केलास तेव्हा मी म्हणालो, ‘बापाच्या पोटावर पाय द्यायला शिकलीस का? इकडे पुन्हा येऊ नकोस.’ तू म्हणालीस, ‘बाबा, लहान मुलं आहेत तिथे.’ मी फोन ठेवला.

एवढं तुलाही माहीत आहे. पुढचं कोणालाच माहीत नाही.

आठवडाभर मला चैन पडेना. दुपारी सगळे कामावर गेल्यावर मी एकटाच टाकीत उतरलो. आणि नाल्याकडच्या भिंतीला, खालून हातभर उंचीवर, भेग होती. बोट आत जाईल एवढी. बाहेरून ओलावा येत होता. त्या भिंतीच्या पलीकडूनच बिल्डिंगच्या सांडपाण्याचा जुना पाइप जातो. म्हणजे तू बरोबर होतीस, शंभर टक्के.

खरं काम काय होतं तर बाहेरून खणायचं, पाइप बदलायचा आणि भिंत बाहेरच्या अंगाने पक्की करायची. पण अंगण खणलं तर लोक विचारणार, का खणताय? मग सांगावं लागणार, की मिस्त्री चुकला आणि मिस्त्रीची पोर बरोबर होती. मला ते जमलं नाही. मी आतून सिमेंटचा थर मारला, घोटून गुळगुळीत केला, वर चुना फासला. टाकी दोनदा धुतली. त्यानंतर कमिटीने दुसरीकडून पाणी तपासून घेतलं तर ते चांगलं आलं. सगळे म्हणाले, ‘बघा, मिस्त्री बरोबर होते, पोरीने उगाच घाबरवलं.’ मी मूग गिळून बसलो. अजूनही चहाच्या टपरीवर कोणी तुझा विषय काढतं, ‘शिकली ती हुकली’ म्हणून हसतं, आणि मी माझा चहा पीत राहतो. सहा वर्षं पितोय.

पुराने तो थर उचलला असणार. यावेळी घासताना माझा हात तिथे लागला होता. थोडं पोकळ वाजलं. मी पुढे घासत गेलो.

पोटाचं दुखणंही वयाचं नाही. पहिल्या पेल्यानंतर लोकांना भरवसा वाटावा म्हणून मी रोज येता-जाता त्यांच्यासमोर खालच्या टाकीचं तेच पाणी पीत होतो. चार दिवस अंथरुणात आहे. घाबरू नकोस, डॉक्टरने औषध दिलंय, आज उठून बसलोय, वायरमन पातळ भात करून आणतो. त्याच्या हाताला चव नाही पण जीव आहे. मी पासष्टीचा गडी चार दिवस आडवा झालो. शिंप्याचा नातू एक महिन्याचा आहे. सून त्याला वरचं दूध देते आणि त्यात पाणी घालते. रविवारी तुझा तो स्वच्छ कागद आला असता तर ते पाणी कुठलं असतं, हा विचार डोक्यातून जात नाही.

उद्या सकाळी शाळेच्या हॉलमध्ये सभा आहे. मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. बाटल्यांचं सांगणं सोपं होतं, ती न कळून झालेली चूक होती. हे कळून केलेलं आहे. कदाचित चावी काढून घेतील, खोलीही सोडावी लागेल. तीही गोष्ट त्यांच्या हक्काची आहे.

तुला आधी सांगावं असं वाटलं. आधी तुला सांगायला हवं होतं हे कळायला मला सहा वर्षं लागली. माफ कर म्हणायला तोंड नाही, म्हणून लिहितोय. माफ कर, पोरी.

तुझा बाबा

शुक्रवार, २२ तारीख

प्रिय वॉशर,

तू येतेस. ‘रविवारी नमुना घ्यायला मी स्वतः येते, बाटल्यांना हात लावू नका,’ एवढीच चिठ्ठी. बाकी मी चार पानं लिहून रडगाणं गायलो, त्यावर एक अक्षर नाही. चिठ्ठी उलटसुलट करून बघितली. मग मागच्या बाजूला बारीक अक्षरात दिसलं, ‘औषध वेळेवर घ्या.’ बरं. घेतो.

सभेत काय झालं ते ऐक. मी उभा राहिलो, भेगेपासून चुन्यापर्यंत सगळं सांगितलं. वायरमन मागे येऊन उभा राहिला. मग शिंपी उठला. बत्तीस वर्षांत त्या माणसाचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. तेव्हाही चढला नाही. तो म्हणाला, ‘मिस्त्री, तुम्ही प्यायलात म्हणून आम्ही प्यायचो. माझ्या पोराला मी याच पाण्यावर वाढवलं.’ आणि खाली बसला. मला कोणी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग हेडबाई उठल्या. त्यांनी पिशवीतून एक जुना कागद काढला. पुरात त्यांचं अर्धं घर भिजलं, पण कमिटीची फाइल त्या डोक्यावर धरून बाहेर पडल्या होत्या. ‘मिस्त्री,’ त्या म्हणाल्या, ‘सहा वर्षांपूर्वी तुम्ही पेला पिऊन निघून गेलात. पत्र अर्धंच ऐकलंत. नंतर मी दोनदा तुमच्या खोलीवर आले, तुम्ही दार उघडलं नाही. आता खाली बसा आणि ऐका.’ आणि त्यांनी तुझं पत्र पहिल्यापासून वाचलं, शाळेत धडा वाचतात तसं, शब्द न शब्द.

‘नाल्याकडची भिंत तपासून घ्यावी,’ हे तेव्हाच लिहिलं होतंस तू. आणि शेवटी लिहिलं होतंस, ‘यात माझ्या वडिलांचा दोष धरू नये. त्यांच्याइतकी या टाकीची काळजी कोणी घेत नाही. मी त्यांना आधी सांगितलं असतं तर त्यांनी मला काळजी वाटू नये म्हणून एकट्यानेच टाकीत उतरून सगळं करायचा प्रयत्न केला असता. एकट्याने टाकीत उतरणं धोक्याचं असतं. म्हणून हे कमिटीला लिहीत आहे. कृपा करून वरून दोर धरायला कोणीतरी द्यावं.’

पोरी, सहा वर्षं मी अर्ध्या पत्रावर रुसून बसलो होतो.

आणि मी काय केलं? बरोबर तू लिहिलं होतंस तेच. एकटाच उतरलो. मी हॉलमध्ये सगळ्यांसमोर रडलो. यावेळी ब्लीचिंगचं निमित्तही नव्हतं. वायरमन मागून हळूच म्हणाला, ‘आता दोर मी धरतो की, रडताय कशाला?’

चावी काढून घेतली नाही. हेडबाई म्हणाल्या, ‘चावी तुमच्याकडेच राहील, पण इथून पुढे टाकीत काय दिसलं ते वहीत लिहायचं आणि वही जिन्याखाली टांगायची. कोणीही वाचेल.’ मी म्हटलं, माझं अक्षर कोणाला लागणार? तर म्हणाल्या, ‘मी शुद्धलेखन तपासीन.’ शिंपी मात्र आज सकाळपर्यंत माझ्याशी बोलत नव्हता. बोलावं असं मी म्हणतही नव्हतो.

दुसऱ्या दिवसापासून खणायला घेतलं. अंगण दोन पुरुष खोल उघडलं. पाइप अगदी टाकीच्या भिंतीला टेकलेला, सांधा फुटलेला, आत झाडाची मुळं शिरलेली. तो काढून टाकला, नवा पाइप सहा हात लांबून नेला. भिंत आतून-बाहेरून खरवडली, भेग पार विटेपर्यंत मोकळी करून भरली, बाहेरच्या अंगाला पाणी न झिरपणारा लेप दिला आणि दोन दिवस वाळू दिला. टाकी कोरडी ठेवून बाहेरच्या खड्ड्यात पाणी भरून ठेवलं आणि एक अख्खा दिवस आतली भिंत बघत बसलो. एक थेंब आला नाही. मग आत गिलावा, मग धुणं, मग ब्लीचिंग. हे सगळं वहीत लिहिलंय. बाईंनी ‘गिलावा’ शब्दाला लाल केलंय, का ते तू बघून सांग.

आज सकाळी टाकी भरली. बातमी कशी पसरते ठाऊक नाही, पण पंप सुरू झाला तशी सगळी शाळेतून चालत आली आणि अंगणात गोळा झाली. पंपाचा आवाज ऐकून तिसऱ्या मजल्याच्या आजीबाईंनी हात जोडले. मी नळ सोडला, पाणी थोडं वाहू दिलं, बंद केला. लोक उभेच. मला आधी कळेना की थांबलेत कशासाठी. मग कळलं. पेल्यासाठी थांबले होते. एवढं सगळं ऐकूनही थांबले होते. माणसांना सवय लागते, आणि ती लावली मी.

शिंपी पुढे झाला. नातू खांद्यावर होता. दहा दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला, ‘काय मिस्त्री, आज पहिला पेला नाही?’

मी म्हटलं, ‘नाही. माझी मुलगी रविवारी येतेय. ती पाणी नेईल, तपासेल, आणि ती सांगेल तेव्हा पिऊ. पाण्यातलं तिला कळतं.’

तेच अंगण, तोच नळ. जरा मोठ्यानेच बोललो, म्हणजे जिन्यापर्यंत ऐकू जावं.

जाताना शिंप्याने नातवाला माझ्यापुढे धरलं, त्याने माझं बोट धरावं असं. धरलं त्याने. पकड चांगली आहे, पाना धरेल.

तर रविवारी बस दहाला पोचते. मी स्टँडवर असेन. ओळखशील ना? थोडा वाळलोय. टाकीपाशी तू बाटली धर, नळ मी सोडतो. लहानपणी तू बॅटरी धरायचीस आणि मी पाना चालवायचो, तसं. वायरमनलाही बोलावलंय, त्याला उगाचच दोर धरून उभं राहायचंय.

निकालाला दोन दिवस लागतात म्हणतेस. ते दोन दिवस मी इथे बसून काय करू? हेडबाईंकडून रजा घेतलीय, बत्तीस वर्षांतली पहिली. पेटी मांडीवर घेऊन तुझ्यासोबत बसने येतो. पिशवीत पाव इंच पाना आणि तीन मापांचे वॉशर टाकलेत. तुझ्या नळाखालची वाटी काढून टाकू.

निकाल चांगला आला तर परत येताना तूही ये. पहिला पेला आता तुझा. तो मी घासून, पालथा घालून, खिडकीत ठेवलाय. तीनदा विसळलाय. पेल्याला तेवढं चालतं ना?

तुझा बाबा